गुन्हा मोठा, गुन्हेगार लहान



१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते मरण पावले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. काही तासांतच त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींमध्ये रस्ते सुरक्षेवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. ती बातमी वाचून सारा महाराष्ट्र संतापला. आपल्या सांताक्रूझमध्येही मिस्सानंतर चर्चच्या अंगणात त्यावर पुष्कळ बोलणे झाले. अजूनही अशी एखादी बातमी आली की तोच प्रश्न कानावर येतो: "फादर, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आजकाल सगळे कळते. मग त्यांना मोठ्यांच्या कोर्टात उभे करायला काय हरकत आहे?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यामागे आपल्या मुलींची, आपल्या माणसांची काळजी आहे. म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. अठरा वर्षांच्या आतील कोणत्याही मुलावर किंवा मुलीवर, गुन्हा कितीही गंभीर असो, प्रौढ माणसासारखा खटला चालवला जाऊ नये. हे मत आपल्यापैकी अनेकांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे. तरी एकेक पायरी चढत आपण मिळून विचार करू या.

कायद्याची वाटचाल

मुलांना मोठ्या गुन्हेगारांपासून वेगळे ठेवावे, हा विचार मुंबईत नवा नाही. माहीमचे डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह १८५७ सालचे आहे. मुंबई प्रांताचा बाल कायदा १९२४ मध्ये झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे बालगृह ही संस्था चालवत आली आहे. मुंबईच्या चाळींत वाढलेल्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. "जास्त मस्ती केलीस तर डोंगरीला पाठवीन," हे वाक्य कित्येकांनी लहानपणी ऐकले आहे.

पुढे १९८६ मध्ये केंद्र सरकारने बाल न्याय कायदा केला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत अल्पवयीन मानली जात असे. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला, १९९२ मध्ये भारताने तो मान्य केला आणि २००० सालच्या नव्या कायद्याने मुलग्यांसाठीही वयाची मर्यादा अठरापर्यंत वाढवली. १ एप्रिल २००१ पासून तो लागू झाला. त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे आपल्या देशात अठराच्या आतील सर्व मुलांचे खटले, गुन्हा कोणताही असो, बाल न्याय मंडळापुढेच चालत होते.

मग १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीतील ती भयंकर घटना घडली. सहा आरोपींपैकी एकाचे वय अठराला काही महिने कमी होते. त्याला सुधारगृहात तीन वर्षे ठेवण्याचा आदेश झाला, कारण त्या कायद्यात तीच कमाल मुदत होती. लोकांना ती शिक्षा थट्टा वाटली. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वय खाली आणण्याची शिफारस केली नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अठरा वर्षांची मर्यादा बदलण्यास नकार दिला. पण लोकांचा राग शमला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तो मुलगा सुटला आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला.

या कायद्याने अठरा हे वय कायम ठेवले, पण त्यात एक वाट काढून दिली. ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे, असा अतिगंभीर गुन्हा सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याचे प्राथमिक मूल्यमापन करते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. तो गुन्हा करण्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता मुलात होती का, परिणाम त्याला समजत होते का, कोणत्या परिस्थितीत हे घडले, हे ते पाहतात. मंडळाला वाटले तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते आणि तेथे मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही. मात्र लांब मुदतीची शिक्षा होऊ शकते. एकविसाव्या वर्षी त्याच्यात किती सुधारणा झाली हे न्यायालय पाहते आणि उरलेल्या शिक्षेसाठी त्याला मोठ्यांच्या तुरुंगात पाठवू शकते.

ही वाट योग्य आहे का, हा आपला आजचा प्रश्न आहे.

'त्याला कळत होते'

सर्वात वजनदार आक्षेप आपल्या धर्मशिक्षणातूनच येतो. आपण मुलांना सात-आठ वर्षांची झाली की पहिल्या पापस्वीकारासाठी तयार करतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विवेकबुद्धी आली असे गृहीत धरले जाते. आपल्या देशाचा कायदाही जवळपास तसाच आहे. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही आणि सात ते बारा या वयात त्याची समज पाहिली जाते. १८६० च्या दंडसंहितेत हे होते आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. मग सात वर्षांच्या मुलाला पाप कळते, तर सतरा वर्षांच्या मुलाला गुन्हा कळत नाही, असे कसे म्हणता येईल?

तसे मी म्हणतच नाही. त्याला कळते. चोरी वाईट, मारहाण वाईट, मुलीच्या अंगाला हात लावणे वाईट, हे सतरा वर्षांच्या मुलाला चांगले ठाऊक असते. पण आपली नीतिशिकवणूक 'कळते' एवढ्यावर कधीच थांबलेली नाही. पाप मरणप्राय ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात, हे आपण कॅटेकिझममध्ये शिकलो: बाब गंभीर असली पाहिजे, तिची पूर्ण जाणीव असली पाहिजे आणि मनाची संपूर्ण संमती असली पाहिजे. भीती, दडपण, सवय, अनावर भावना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असेही तेथे सांगितले आहे. जाणणे ही एक गोष्ट आहे आणि स्वतःवर ताबा असणे ही दुसरी.

ॲरिस्टॉटलने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. त्याच्या मते तरुण मुलगा भूमितीत आणि गणितात प्रवीण होऊ शकतो, पण विवेकी होऊ शकत नाही. कारण विवेक अनुभवातून येतो आणि अनुभवाला वर्षे लागतात. आपल्या भाषेतही 'हुशार' आणि 'शहाणा' हे दोन वेगळे शब्द आहेत. दहावीला नव्वद टक्के मिळवणारा मुलगा हुशार असतो. तो शहाणा झाला की नाही, हे त्याच्या आईला विचारावे. सतरा-अठरा वर्षांनंतर येणाऱ्या शेवटच्या दाढेला आपल्या पूर्वजांनी अक्कलदाढ म्हटले, ते उगाच नव्हे.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की मनाचा निर्णय होण्याआधीच उसळलेला विकार पापाचे ओझे कमी करतो, कारण तो माणसाचे स्वातंत्र्य कमी करतो. 'कमी करतो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ओझे नाहीसे होते असे ते म्हणत नाहीत.

संत ऑगस्टीन यांनी तर स्वतःचेच उदाहरण देऊन ठेवले आहे. सोळाव्या वर्षी त्यांनी मित्रांच्या टोळीबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावर ते स्वतःला विचारतात, आपण हे का केले? त्यांना एक गोष्ट ठामपणे आठवते: एकटा असतो तर केले नसते. आज मेंदूचे अभ्यासक वेगळ्या शब्दांत हेच सांगतात. आवर घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो आणि बरोबरचे मित्र पाहत असले की या वयातली मुले जास्त धोका पत्करतात. पश्चिम द्रुतगती महामार्गावर रात्री एकटा असताना बेताने जाणारा मुलगा मागे दोन मित्र बसले की कसा सुटतो, हे आपण पाहिलेले आहे.

गुन्ह्याचे वजन आणि करणाऱ्याचे वय

आता मूळ गाठीकडे येऊ. नवा कायदा मुलाची परिपक्वता केव्हा तपासतो? गुन्हा अतिगंभीर असेल तेव्हाच. सतरा वर्षांच्या मुलाने खिसा कापला तर तो निश्चितपणे मूल आहे. त्याच मुलाने चाकू चालवला तर तो कदाचित प्रौढ आहे. पण चाकू चालवल्याने त्याचे मन मोठे झाले काय? गुन्ह्याच्या गांभीर्यावरून समोरच्या माणसाची जखम किती खोल आहे हे कळते. करणाऱ्याचे मन किती पिकले आहे हे त्यावरून कळत नाही. उलट, पुष्कळदा अतिरेकी क्रौर्य हीच कच्च्या मनाची खूण असते.

शिवाय हे मूल्यमापन करायचे कसे? घटना घडून गेल्यावर, कित्येक आठवड्यांनी, एका घाबरलेल्या मुलाशी बोलून त्या क्षणी त्याच्या मनात काय होते हे ठरवायचे. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२२ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात हे काम अत्यंत नाजूक असल्याचे सांगून मानसशास्त्रातील तज्ज्ञांची मदत घेण्यावर भर दिला. तज्ज्ञ मदत करतील, पण तेही अंदाजच बांधतील. पापस्वीकाराच्या वेळी तर माणूस स्वतःहून, काही न लपवता बोलतो. तरीही त्याच्या मनाची संमती किती होती, याचे अचूक माप आम्हा धर्मगुरूंना घेता येत नाही. ते माप परमेश्वराजवळ आहे. ज्याचे माप नीट घेता येत नाही, त्यावर मुलाची दहा-वीस वर्षे टांगून ठेवू नयेत.

कोणी म्हणेल, "रेषा कुठेतरी ओढावीच लागते. मग सोळावरच का ओढू नये?" खरे आहे, कोणतीही रेषा थोडी कृत्रिमच असते. अठराव्या वाढदिवसाच्या रात्रीत कोणी बदलत नाही. पण आपण हीच रेषा इतर ठिकाणी मान्य केली आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आपण नगरसेवक निवडायला मत देऊ देत नाही, भाडेकरार करू देत नाही, मोटार चालवण्याचा परवाना देत नाही. त्याच्या निर्णयावर भरवसा ठेवता येत नाही, हेच त्याचे कारण आपण सांगतो. मग केवळ शिक्षा देण्याच्या वेळी तो पूर्ण प्रौढ कसा होतो? हक्क अठराव्या वर्षी मिळत असतील, तर पूर्ण जबाबदारीही त्याच वेळी यावी.

या बाबतीत ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा पाहण्यासारखा आहे. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे सोळा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला संहितेतील शिक्षा लागू होत नाही. सोळा पूर्ण झालेल्या पण अठराच्या आतील व्यक्तीला शिक्षा होऊ शकते, पण ती सौम्य करावी किंवा तिच्या जागी प्रायश्चित्त द्यावे, असे सांगितले आहे. म्हणजे सोळा ते अठरा हे वय वेगळे आहे, हे ख्रिस्तसभाही मानते. त्या वयात जबाबदारी आहे, पण ती मोठ्यांपेक्षा कमी आहे. अपराध भयंकर असला तर हे वय विसरून जा, असे ती संहिता सांगत नाही.

एका जन्मतारखेची किंमत

पॅरिशच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी रोज कोणी ना कोणी येते. कधी शाळेसाठी, कधी लग्नासाठी. एका कागदावरची तारीख माणसाचे आयुष्य कसे फिरवते, याची एक गोष्ट आपल्याच राज्यात घडली आहे.

१९९४ मध्ये पुण्यात राठी कुटुंबाचे हत्याकांड झाले. बायका आणि लहान मुलांसह सात जण मारले गेले. त्या खटल्यातील एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयातही ती कायम राहिली. पुढे तो अनेक वर्षे तुरुंगातून सांगत राहिला की घटनेच्या वेळी आपण अल्पवयीन होतो. अखेर राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदी तपासल्या गेल्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

त्या सात जिवांचे दुःख या निकालाने कमी झाले नाही, होणारही नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला एक राज्य फासावर देणार होते आणि हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. गुन्हा इतका भीषण होता की त्यापुढे करणाऱ्याचे वय कोणाला दिसलेच नाही. रागाच्या भरात आपल्या सगळ्यांचेच असे होते, म्हणून कायदा थंड डोक्याने लिहावा लागतो.

मारिया गोरेट्टीच्या खुन्याचे काय झाले

६ जुलैला आपण संत मारिया गोरेट्टीचा सण पाळतो. १९०२ मध्ये इटलीत अकरा वर्षांच्या मारियावर आलेसांद्रो सेरेनेल्ली या शेजारच्या तरुणाने अत्याचाराचा प्रयत्न केला. ती वश होत नाही असे पाहून त्याने तिला भोसकले. दुसऱ्या दिवशी, त्याला क्षमा करून, ती मरण पावली. ही गोष्ट आपल्या मुलींना आपण सांगतो. पण तिच्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही.

आलेसांद्रो वीस वर्षांचा होता. त्या काळी इटलीत एकविसाव्या वर्षी माणूस सज्ञान होत असे. तो अजून अल्पवयीन आहे, म्हणून न्यायालयाने त्याला जन्मठेपेऐवजी तीस वर्षांची शिक्षा दिली. तीस वर्षे ही काही किरकोळ शिक्षा नव्हे. पण तिला शेवट होता. पहिली काही वर्षे त्याला पश्चात्ताप झाला नाही. मग एका बिशपांची भेट आणि स्वप्नात दिसलेली मारिया यांनी तो हादरला. सत्तावीस वर्षांनी सुटल्यावर तो मारियाच्या आईकडे गेला आणि त्याने क्षमा मागितली. त्या माउलीने आपल्या मुलीने केले तेच केले. दोघांनी एकाच मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारले. आलेसांद्रोने उरलेले आयुष्य कॅपुचिन मठात बागकाम करत काढले आणि १९७० मध्ये तो वारला.

क्षमा मारियाने आणि तिच्या आईने दिली. न्यायालयाने क्षमा केली नाही आणि ते त्याचे कामही नव्हते. पण एका कोवळ्या वयाचा विचार करून न्यायालयाने शिक्षेला शेवट ठेवला, आणि त्या शेवटामुळेच ती आई आणि तो खुनी एका वेदीपुढे येऊ शकले. कायद्याने पश्चात्ताप घडवून आणता येत नाही. मात्र पश्चात्तापाला जागा ठेवता येते.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय?

हे सारे ऐकून एखादी आई विचारील, "फादर, माझ्या मुलीवर हात टाकणाऱ्याच्या वयाचे कौतुक मी कशाला करू?" तिचे म्हणणे बाजूला सारून पुढे जाण्याचा मला अधिकार नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये आपल्याच शहरात, महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलच्या आवारात, कामावर असलेल्या एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक अत्याचार झाला. शक्ती मिलच्या प्रकरणांत दोन अल्पवयीन मुलेही दोषी ठरली. २०१५ मध्ये बाल न्याय मंडळाने त्यांना नाशिकच्या बोर्स्टल शाळेत तीन वर्षांसाठी पाठवले. तीन वर्षे पुरेशी होती का?

अन्याय झालेल्या व्यक्तीचे काही हक्क आहेत. घडले ते सत्य म्हणून नोंदले जावे, अपराध्याचा अपराध स्पष्ट शब्दांत सांगितला जावा, तिला संरक्षण, उपचार आणि भरपाई मिळावी, अपराधी तिच्या वाटेत पुन्हा येऊ नये. हे सर्व मुलांसाठीच्या न्यायव्यवस्थेतही देता येते आणि दिलेच पाहिजे. तीन वर्षांची मुदत अपुरी वाटत असेल तर ती वाढवण्याचा आणि नंतरही देखरेख ठेवण्याचा विचार व्हावा. पण ते सारे मुलांच्या व्यवस्थेतच व्हावे. जेथे समुपदेशक नाहीत, शिकवायला कोणी नाही, दिवसभर काम नाही, तेथे दहा वर्षे ठेवले तरी मुलगा अधिक निर्ढावून बाहेर येईल.

म्हणूनच ३०० शब्दांच्या निबंधाचा आपल्याला आलेला राग योग्य होता. दोन माणसे गेली आणि अपराधाला काही वजनच नाही असे वाटले. ज्या दयेत जाब विचारला जात नाही, ती दया ख्रिस्ताची नव्हे. पण त्या प्रकरणात पुढे काय बाहेर आले तेही आठवावे. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. ही सारी वयाने मोठी माणसे. त्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मंडळाच्या त्या निर्णयावर चर्चा होऊ शकते. पण त्या रात्रीचा धडा एवढाच दिसतो की मुलाला वय कमी असल्याने कोणी बिघडवले नव्हते. त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी त्याला परिणाम भोगायला शिकवले नव्हते.

आणि वय खाली आणल्याने अशा श्रीमंत घरच्या मुलाला धडा मिळेल, हा भ्रम आहे. त्याच्याकडे चांगले वकील असतात, मानसोपचारतज्ज्ञांचे अहवाल असतात. गोळीबारच्या किंवा वाकोल्याच्या झोपडपट्टीतल्या मुलाकडे काय असते? न्यूयॉर्कमध्ये २०१० साली सोळा वर्षांच्या एका गरीब मुलाला बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडले. तेथे तेव्हा सोळाव्या वर्षी मोठ्यांचेच कोर्ट असे. जामिनाचे पैसे नसल्याने तो सुमारे तीन वर्षे मोठ्यांच्या तुरुंगात राहिला. त्याचा खटला कधी चाललाच नाही. अखेर आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा करून हे वय अठरापर्यंत वाढवले. आपण २००० साली जे केले होते ते त्यांनी सतरा वर्षांनी केले आणि आपण मधल्या काळात उलट दिशेने चाललो.

"पण मुलांचे गुन्हे किती वाढले आहेत!" असेही म्हटले जाते. २०२२ मध्ये देशात सुमारे ५८ लाख गुन्हे नोंदले गेले. त्यांत अल्पवयीनांविरुद्धची प्रकरणे सुमारे ३० हजार होती, म्हणजे दोनशेत एक. एकेक प्रकरण गंभीर असू शकते. पण देश मुलांच्या गुन्ह्यांखाली बुडाला आहे, असे हे आकडे सांगत नाहीत.

आपण काय करू शकतो

कायदे संसद करते. पण काही गोष्टी आपल्या घरात आणि धर्मग्रामात आहेत.

पहिली गोष्ट किल्लीची. अठराच्या आतील मुलाच्या हाती स्कूटरची किंवा मोटारीची किल्ली देऊ नका. "इथे कोपऱ्यापर्यंतच जातो," म्हणाला तरी देऊ नका. २०१९ पासून मोटार वाहन कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीपेक्षा कोणाच्या तरी घरचा मुलगा रस्त्यावर पडेल, ही भीती मोठी असावी.

दुसरी गोष्ट कागदांची. मुलाला पोलिसांनी नेले तर त्याचे वय सिद्ध करण्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिकेचा जन्मदाखला विचारला जातो. बाप्तिस्म्याचा दाखला आम्ही आनंदाने देऊ, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. हे कागद जपून ठेवा.

तिसरी गोष्ट जिभेची. अल्पवयीन आरोपीचे नाव, छायाचित्र, शाळा प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुढे पाठवण्याआधी थांबा.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. असा एखादा मुलगा डोंगरीहून किंवा दुसऱ्या सुधारगृहातून परत आला तर आपण काय करणार? त्याला युवक संघटनेच्या फुटबॉल संघात घेणार का? आपल्यापैकी कोणाचे दुकान किंवा गॅरेज असेल तर त्याला काम देणार का? की त्याच्या आईला पाण्याच्या रांगेत टोमणे मारणार? मुलांसाठी वेगळा न्याय हवा असे म्हणणाऱ्याने त्यांच्यासाठी वेगळी जागाही करायला हवी. ती जागा नसेल, तर मी वर लिहिलेले सारे कागदावरच राहील.

२८ मार्च २०१३ रोजी, पोप झाल्यावरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, दिवंगत पोप फ्रान्सिस रोममधील कासाल देल मार्मो या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी गुडघे टेकून तेथील बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्या मुलांनी काय केले होते, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही.

आपल्या उपनगराच्या नावाचा अर्थ पवित्र क्रूस. त्या क्रूसाच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार होते. त्यांपैकी एकाने आपली शिक्षा योग्य आहे असे कबूल केले आणि प्रभूने त्याला त्याच दिवशी आपल्याबरोबर घेतले. त्याच्याजवळ सुधारायला दिवसाचे काही तासच होते. आपल्या मुलांजवळ पन्नास-साठ वर्षे आहेत. ती त्यांना मिळोत, अशी प्रार्थना करू या. ज्यांच्यावर त्यांनी अन्याय केला त्यांच्यासाठी, आणि ज्या आईवडिलांना आज रात्री झोप लागणार नाही त्यांच्यासाठीही प्रार्थना करू या.

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तसेवेत आपला,
प्रमुख धर्मगुरू